जुन्या बोट-इंजिनाला ऑइल कुठले घालावे?

प्रश्न : पर्यटकांना खाडीत फिरवण्याच्या फायबर होडीला ४० हॉर्सपॉवरचे जुने टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारे) ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेर बसवलेले इंजिन आहे. टीसी-डब्ल्यू३ (बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचे) ऑइल महाग पडते, म्हणून स्कूटरचे टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल घालतो. प्लग सारखे जातात. ऑइलमुळेच का? (वाचक, ता. मालवण)

उत्तर : हो, पहिला संशय ऑइलवरच घ्या. स्कूटरचे इंजिन वाऱ्यावर थंड होते आणि तापलेले चालते, म्हणून त्याच्या ऑइलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूंची डिटर्जंट (मळ धुणारी द्रव्ये) असतात. ती जळली की राख उरते. ओबीएम खाडीच्या पाण्यावर थंड राहते आणि तासन्‌तास एकाच थ्रॉटलवर ओढते. ही राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगच्या दोन टोकांमध्ये साचते. प्लग शॉर्ट होतो तो त्यामुळे. राखेचा थर लाल झाला तर मिश्रण ठिणगीआधीच पेटते आणि पिस्टनला भोक पडू शकते. टीसी-डब्ल्यू३ बिनराखेचे असते, शिवाय त्यात गंजरोधक असते. डब्यावर नुसती जासो एफसी किंवा एफडी ही दुचाकीच्या टू-स्ट्रोक ऑइलची खूण असेल तर ते कितीही चांगले ऑइल असो, या इंजिनासाठी नव्हे. ब्रँड कुठलाही चालेल, टीसी-डब्ल्यू३ची खूण मात्र हवीच. भर पाण्यात ऑइल संपले तर किनारा गाठण्यापुरते टू-टी घाला. बिनऑइलचे पेट्रोल कधीच नको.

पेट्रोल-ऑइलचे प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत पाहा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. नवे पिस्टन-रिंग बसवल्यावर पहिले दहा तास साधारणपणे २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. ‘थोडे जास्त घातले तर बरे’ हा समज सोडा. ऑइल वाढले की कार्ब्युरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) जाणारे पेट्रोल तेवढे घटते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि इंजिन उलट जास्त तापते. आधी चार-पाच लिटर पेट्रोलमध्ये सगळे ऑइल घालून हलवा, मग टाकी भरा.

प्रश्न : पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांनंतर टाकीतल्या शिल्लक मिश्रणावर इंजिन सुरू केले आणि पिस्टन जाम झाला. ऑइल तर बरोबर मोजून घातले होते! (वाचक, ता. दापोली)

उत्तर : बहुधा घात पाण्याने केला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पावसाळी हवेतली ओल किंवा टाकीत झिरपलेले पाणी ते धरून ठेवते. प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे सिलिंडरला गेले ते जवळजवळ बिनऑइलचे. जुने मिश्रण काचेच्या बाटलीत तासभर ठेवून पाहा. दोन थर दिसले तर ते बाद. हलवून वापरू नका.

१ जूनला बंदी सुरू होण्याआधी मिश्रण संपवा. पंखा (प्रोपेलर) काढून, गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन चालू असतानाच पेट्रोलची नळी सोडा आणि कार्ब्युरेटर कोरडा होऊन ते आपोआप बंद पडू द्या. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टीसी-डब्ल्यू३ घाला, किल-स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या खटक्याची) दोरी काढून ठेवा आणि स्टार्टरची दोरी पाच-सहा वेळा ओढा. गिअर ऑइलही तेव्हाच बदला. ते पाणी मिसळून दुधी निघाले तर शाफ्टचे सील गेले.

प्रश्न : इथे मिशिगनच्या तळ्यावर १९८०च्या दशकातली बोट घेतली. आत शेव्हरोले व्ही-८ (आठ सिलिंडरचे इंजिन) आहे. गाडीचे ५डब्ल्यू-३० ऑइल चालेल? (वाचक, अमेरिका)

उत्तर : नको. बोटीचे इंजिन सतत घाट चढणाऱ्या गाडीसारखे भाराखाली असते, आणि जुन्या व्ही-८ मध्ये बहुधा सपाट टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे, कॅमवर घासत चालणारे भाग) असतात. कॅमवर त्यांना झिंक-फॉस्फरसचे संरक्षण लागते. आधुनिक ५डब्ल्यू-३० मध्ये फॉस्फरसला ८०० पीपीएमची (दहा लाख भागांत ८०० भाग) मर्यादा आहे. पुस्तिका मान्य करत असेल तर एफसी-डब्ल्यू (बोटीच्या फोर-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या ऑइलची खूण) असलेले २५डब्ल्यू-४० घ्या. ऑइल आणि फिल्टर हिवाळ्यात बोट बंद करण्यापूर्वी बदला, वसंतात नव्हे. वापरलेल्या ऑइलमधली आम्ले आणि ओल बेअरिंगवर सहा महिने बसून राहतात.

डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर आधी फ्युएल पंप पाहा. त्यापासून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत पेट्रोल दिसले, तर पंपातला डायफ्राम (पडदा) फाटला आहे. पंप आणि ऑइल बदलेपर्यंत इंजिन सुरू करू नका.