‘सांगड’ ग्राम्य नाही, तिला हात लावू नका

नागपुरातल्या एका महाविद्यालयातून प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न आला आहे. पर्यावरणशास्त्रातलं संशोधन आणि सरकारी धोरणं आंतरराष्ट्रीय सहकार्यातून कशी जोडता येतील, या विषयावर त्यांच्याकडे परिसंवाद आहे. निमंत्रणपत्रिकेत बाईंनी लिहिलं, ‘संशोधन आणि धोरण यांची सांगड’. सहकाऱ्यांनी ते खोडून ‘एकात्मीकरण’ केलं. का, तर सांगड म्हणे ग्राम्य वाटते! आणखी कुणी ‘तालमेल’ सुचवला. बाई विचारतात, सांगड चालेल का? आणि ‘आंतरराष्ट्रीय’ बरोबर की ‘अंतरराष्ट्रीय’?

चालेल कशाला, तरेल!

तालमेल आधी निकालात काढतो. नागपुरात हिंदीचं येणंजाणं घरच्यासारखं आहे, त्याला माझी हरकत नाही. पण आपला ताळमेळ असताना तालमेल कशाला? आणि हा ताळमेळही मुळात हिशेबाच्या वहीतला, जमाखर्च जुळतो की नाही ते बघणारा. परिसंवादाला तो नको. एकात्मीकरणाकडे मात्र सवडीने येतो, कारण खरा राग त्याच्यावर आहे.

सांगड म्हणजे मुळात नदी उतरायचं साधन. दोन होड्या किंवा ओंडके शेजारी शेजारी बांधायचे, वर फळ्या टाकायच्या; एकट्या होडीला न पेलणारं ओझं पलीकडे जातं. पोहायला शिकणाऱ्यांच्या कमरेला सुके भोपळे बांधत, तीही सांगडच. संस्कृतात ‘संघाट’ म्हणजे लाकडं जुळवून केलेली बांधणी, आणि पालीत ‘नावासंघाट’ म्हणजे एकत्र बांधलेल्या नावा. संघाटाचा सांगड होताना काही चमत्कार घडत नाही. कपाटाचं कवाड झालं, वटाचा वड झाला, तसा इथे टचा ड झाला. घचा ग कसा, असं विचारणाऱ्यांनी प्राकृतातल्या ‘हत्थ’चा मराठीत ‘हात’ कसा झाला ते आठवावं; तिथेही थचा त झालाच.

‘संग’ या शब्दातून सांगड काढणारेही भेटतात. त्यांनी शेवटचा ड कुठल्या बाजारातून आणला ते एकदा सांगावं.

पण या शब्दाची खरी मौज पुढे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. आपलं सोपारा आणि कल्याण त्यात आहे. पूर्व किनाऱ्याबद्दल लिहिताना तो एकसंध ओंडके एकमेकांना बांधून केलेल्या मोठ्या नौकांचा उल्लेख करतो आणि त्यांचं नाव देतो, ‘संगर’. मल्याळममध्ये तराफ्याला ‘चंगाडम’ म्हणतात. पोर्तुगीजांनी मलबारात तोच शब्द उचलला, त्याचा ‘जंगादा’ केला, आणि थेट ब्राझीलला नेला. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आपल्या तराफ्यांना जंगादाच म्हणतात. आता सांगा, आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या पत्रिकेवर याहून लायक शब्द कोणता?

हा शब्द मुळात द्राविडी, संस्कृतने तो उसना घेतला, असं एक मत आहे. नेमकं उलटं मानणारेही आहेत. दोन्ही पक्ष किनाऱ्यावर बसून भांडतात. माझं मत असं, की शब्द नावाड्यांचा. तो बंदराबंदरांतून त्यांच्या तोंडी फिरला, आणि पंडितांनी त्याला आपापल्या कोशात मागाहून बसवलं. लेखी पुरावा कुठून देणार? नावाडी कोश लिहीत नसत. पण तांडेल, गलबत, शीड, वल्हं हे शब्द कुणी शास्त्रीबुवांनी घडवले असं मला पटवून दाखवा.

आता एकात्मीकरण. सांगडीत दोन ओंडके दोनच राहतात. मधला दोर त्यांना बांधतो, पण एकाचा दुसरा होत नाही. झाला तर सांगड उरतच नाही. हल्ली ‘परंपरा आणि आधुनिकतेची सांगड’ असं लिहून सगळं घुसळून एक करतात, तिथे माझं डोकं फिरतं. ती मिसळ झाली.

संशोधन आणि धोरणाला तर हा भेद प्राणासारखा आहे. १९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून आयपीसीसी हे हवामानबदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारं मंडळ स्थापन केलं. त्याचा दंडकच असा, की धोरणाला उपयोगी पडायचं, पण धोरण काय असावं ते सांगायचं नाही. अहवालाची प्रकरणं शास्त्रज्ञ लिहितात. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश मात्र सरकारांचे प्रतिनिधी ओळीन् ओळ वाचून मंजूर करतात, आणि मूळ प्रकरणांशी विसंगत काही घुसू नये म्हणून शास्त्रज्ञ तिथेच बसलेले असतात. एका एका शब्दावर रात्र जाते. यात एकात्म काय आहे? दोर ताणलेला आहे म्हणून तर बांधणी टिकते.

ओझोनचं उदाहरण आणखी चोख. फ्रीजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोनचा थर झिजेल, हे मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. मार्च १९८५ मध्ये व्हिएन्नाचा करार झाला, त्यात कपातीचं बंधन नव्हतं, पण देश एकत्र बांधले गेले होते. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या घटीचा ब्रिटिश शास्त्रज्ञांचा निबंध त्यानंतर मे महिन्यात आला, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला या वायूंवर निर्बंध घालणारा मॉन्ट्रियलचा करार. त्यातलं सहावं कलम बघा: १९९० पासून, निदान दर ४ वर्षांनी, नव्या शास्त्रीय माहितीवरून निर्बंध तपासायचे. दोर पुन्हा आवळण्याची सोय करारातच! १९९० मध्ये लंडनला विकसनशील देशांसाठी निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. पैशाची फळी टाकल्याशिवाय ओझं पलीकडे जात नाही.

नागपूरकरांना इतक्या लांब जायचीही गरज नाही. अहमदाबाद महापालिकेने गांधीनगरच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांना बरोबर घेऊन २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला, आणि पुढे नागपूरनेही तो मार्ग धरला. किती तापमानाला धोका, ते संशोधक सांगतात. नवतपात, मेअखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, कोणती कामं कधी थांबवायची, ते पालिका ठरवते. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था ज्या शहरात आहे तिथल्या प्राध्यापकांना हे मी सांगावं?

तेव्हा पत्रिकेत सांगडच ठेवा, आणि क्रियापद ‘घालणे’. ‘सांगड प्रस्थापित करणे’ लिहाल तर मी परिसंवादाला येणार नाही. हो, दुसरा प्रश्न राहिलाच. आंतरजातीय, आंतरशालेय लिहिताना हात अडखळत नाही ना? मग आंतरराष्ट्रीय.