इंग्रजी तासाला मुलांना बोलतं कसं करायचं? शिक्षक-पालकांचे प्रश्न

प्रश्न : करवीर तालुक्यात सातवीला शिकवतो. पट ४८. इंग्रजीत बोला म्हटलं की तीन-चार हात वर, बाकीची मुलं माना खाली घालतात.

सर, राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. मुलांनी ऐकलंय, लिहिलंय. बोलायची वेळच आली नाही. त्यात अख्ख्या वर्गासमोर एकट्यानं उभं राहणं मोठ्यांनाही जड जातं. म्हणून आधी जोड्या लावा, आणि बोलायला कारण द्या. टेबलावरचा पेन दोघांनाही दिसत असताना 'व्हेअर इज द पेन?' विचारण्यात काय अर्थ?

बिंदू चौक ते रंकाळा, असे दोन कच्चे नकाशे काढा. एकावर बँक आणि बेकरी, दुसऱ्यावर दवाखाना आणि चहाची टपरी. जोडीदाराचा कागद बघायचा नाही. विचारून विचारून आपला नकाशा पुरा करायचा. लागणारी चार-पाच वाक्यं आधी फळ्यावर लिहून सगळ्यांकडून म्हणवून घ्या. माझ्या वर्गात जूनपासून 'येस', 'नो'च्या पुढे न गेलेली एक मुलगी होती. जोडीदारानं बँक भलत्याच गल्लीत काढली, तशी ती ताडकन म्हणाली, 'नो, नो! लेफ्ट साइड! निअर टेम्पल!' व्याकरण अर्धवट होतं, पण ते वाक्य तिचं स्वतःचं होतं. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

गलका होणारच. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आधी सांगून ठेवा.

प्रश्न : चूक झाली की तिथंच थांबवावं का?

नको. टिपून ठेवा, तासाच्या शेवटी नाव न घेता दोन-तीन चुका फळ्यावर घ्या. आपल्याकडची हमखास चूक म्हणजे 'व्हेअर यू आर गोइंग?' मराठीत 'तू जात आहेस' या वाक्यात 'कुठे' घातलं की प्रश्न तयार. बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत मात्र 'आर' उचलून 'यू'च्या आधी ठेवावा लागतो. हे मराठीतूनच समजावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न : मुलं 'माय सेल्फ'चं पाठांतर घडाघडा म्हणतात, स्वतःचं काही सांगायला गेली की अडखळतात.

४-३-२ करून बघा. एकच गोष्ट एकाला चार मिनिटांत, मग दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. ऐकणारा दर वेळी नवा हवा. काय सांगायचं ते एव्हाना ठरलेलं असतं, त्यामुळे सगळं लक्ष बोलण्याकडे जातं आणि अडखळणं कमी होतं. सातवीला दोन, दीड, एक मिनिट पुरे. विषय जोतिबाच्या यात्रेचा द्या. गुलालाबद्दल सांगायचं नाही असं पोर कोल्हापुरात सापडायचं नाही.

प्रश्न : मला इंग्रजी येत नाही. घरी मुलाची तयारी कशी घेऊ?

ताई, तुम्ही विद्यार्थी व्हा. कांदा चिरता चिरता विचारा, 'ह्याला काय म्हणायचं? परत सांग, मला नाही जमलं.' तुम्हाला शिकवायला त्याला तेच वाक्य चारदा म्हणावं लागेल, आणि तेही हौसेनं.