पीसी घ्यावा की पीएसफाइव्ह? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: मुलाची दहावी झाली, डिप्लोमा कंप्युटरला ॲडमिशन घेतलीय. गेमिंग पीसीच पाहिजे म्हणून हटून बसलाय आणि दुकानातून एक लाखाचं कोटेशन पण घेऊन आलाय. भाचा म्हणतो मामा कशाला, पंचावन्न हजारात पीएसफाइव्ह (सोनीचा टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल) येतो आणि तो जास्त भारी चालतो. घरी ४३ इंची फोरके टीव्ही आहे. कोणाचं ऐकू? (एक वडील, मिरज)

उत्तर: साहेब, भाचा खोटं बोलत नाहीये. २०२४ मध्ये पीएसफाइव्हचं स्लिम मॉडेल भारतात आलं तेव्हा डिस्कवालं ५४,९९० आणि डिजिटल (डिस्क न चालणारं, गेम फक्त डाउनलोड करायचे) ४४,९९० ला होतं, आणि तेवढ्या पैशात नव्या पार्ट्सचा तसाच चालणारा पीसी तेव्हाही बनत नव्हता, आता तर नाहीच नाही, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे सुटलेत ते सगळी मेमरी एआयच्या डेटा सेंटरवाल्यांकडे चाललीय म्हणून. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करतोय म्हणून सांगून टाकलं. त्यामुळे हातातलं कोटेशन जुनं असेल तर आधी परत रेट विचारा.

पण भाच्याने एक गोष्ट धरलीच नाही, पोराला डिप्लोमासाठी कंप्युटर लागणारच आहे. पीएसफाइव्हवर सी प्लस प्लसचं प्रॅक्टिकल होत नाही. म्हणजे कामापुरता पीसी किंवा लॅपटॉप चाळीस-पंचेचाळीस हजाराचा धरा, त्यावर कन्सोल, झाले की लाख! मग एक लाखाचा एकच पीसी घेतला तर खेळ आणि अभ्यास दोन्ही एकाच डब्यात होतं. तुमच्या घरात कंप्युटर आधीपासून असता तर मी डोळे झाकून कन्सोल सांगितला असता.

दुसरं म्हणजे पोराला विचारा तो नक्की खेळणार काय. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक टू असेल तर विषय संपला. काउंटर स्ट्राइक टू कन्सोलवर नाहीच, व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला पण कन्सोलवाले आणि पीसीवाले एकमेकांबरोबर खेळू शकत नाहीत, म्हणजे मित्र सगळे पीसीवर आणि हा एकटा टीव्हीसमोर. आणि हे दोन्ही गेम फुकट आहेत, साध्या मशीनवर पण मस्त पळतात, त्यांच्यासाठी लाख रुपये अजिबात लागत नाहीत!

आता ते कोटेशन, तुम्ही फोटो पाठवलात ते बरं केलंत. आय सेव्हन प्रोसेसर, लिक्विड कूलर, काचेचं कॅबिनेट, सहा लायटिंगचे फॅन, आणि ग्राफिक्स कार्ड मात्र साडेतीन वर्षांपूर्वीचं सहा जीबीचं. एसएमपीएससमोर (पीसीला वीज पुरवणारा डबा) नुसतं '६५० वॅट' लिहिलंय, कंपनीचं नावच नाही. हे सगळं उलटं आहे. गेमिंगमध्ये पैसा ग्राफिक्स कार्डात घालायचा असतो, प्रोसेसर सहा कोअरचा पुरतो, त्याला हवेचा साधा कूलर चालतो आणि लाइटींनी एक फ्रेम (सेकंदाला जितकी चित्रं दिसतात ती) पण वाढत नाही. एसएमपीएस मात्र नावाजलेल्या कंपनीचा आणि वॉरंटीवाला घ्या, लोकल एसएमपीएस जाताना एकटा जात नाही. दुकानदाराला सांगा, लिक्विड कूलर काढ, आय सेव्हनचा आय फाइव्ह कर किंवा रायझन फाइव्ह दे, लाइटी काढ, आणि वाचलेल्या पैशात कार्ड वाढव. मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून (तिथला कंप्युटर पार्ट्सचा बाजार) पण एक कोटेशन मागवा, दोन कागद समोरासमोर ठेवले की भाव आपोआप खाली येतो.

प्रश्न: दादा, पीएसफाइव्ह डिजिटल घेतला तर दहा हजार वाचतायत. हॉस्टेलला राहतो, घेऊ का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर: नको घेऊस. सोनीचे मोठे गेम नवीन आले की ४,९९९ ला येतात. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, सेकंडहँड घेता येते, आणि हॉस्टेलला तर एकच डिस्क चार जणांत फिरते. डिजिटलवाल्याला एकच दुकान, सोनीचं, ते सेल लावतील तेव्हाच स्वस्त. डिस्क विकून गेममागे दोन हजार जरी सुटले तरी पाच गेममध्ये तुझे दहा हजार वसूल. आणि ऑनलाइन खेळायला पीएस प्लस (सोनीची वर्गणी) लागतं, सगळ्यात साधा प्लॅन पण वर्षाचे साधारण चार हजार, हे कोणी शोरूममध्ये सांगत नाही (फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही). पाच वर्षं ठेवलास तर वीस हजार झाले बघ. पीसीवर हा खर्च शून्य, वर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाचे सेल, आणि तसंच दुसरं दुकान एपिक, ते २०१८ पासून फुकट गेम वाटतायत. २०२० च्या मे महिन्यात तर जीटीए फाइव्हच फुकट दिला होता!

प्रश्न: पीएसफाइव्ह १०.२८ टेराफ्लॉपचा, माझं आरटीएक्स ४०६० कार्ड १५ टेराफ्लॉपचं. तरी द लास्ट ऑफ अस पार्ट वन माझ्याकडे अडकत होता आणि मित्राच्या पीएसफाइव्हवर लोण्यासारखा. हे कसं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: टेराफ्लॉप (चिप सेकंदाला किती गणितं करते) हा आकडा वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपमध्ये लावून काही उपयोग नाही भाऊ, एकाच घराण्यातल्या दोन कार्डांत ठीक आहे. पीएसफाइव्हमध्ये एएमडीची चिप आहे, ३६ कंप्युट युनिटची, म्हणजे पीसीतल्या आरएक्स ६७०० कार्डाच्या जवळपास. ताकदीत तुझं कार्ड कमी नाहीये. घोळ मेमरीत आहे. पीएसफाइव्हमध्ये १६ जीबी आहे, ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं मिळून वापरतात, गेमला त्यातली बरीचशी मिळते. तुझ्या कार्डावर ८ जीबी, आणि तो गेम मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा टेक्श्चर (वस्तूंवरचं बारीक चित्रकाम) हाय केलं की ८ जीबी भरून वाहायची, मग माल साध्या रॅममधून ओढावा लागतो आणि तिथे अडकतं. शिवाय शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल म्हणजे कार्डासाठी तयार करायलाच लोकांना प्रचंड वेळ लागत होता. कन्सोलवर हे काम कंपनी आधीच करून देते कारण समोर हार्डवेअर एकच, पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, त्यामुळे ते तुझ्याच मशीनवर करावं लागतं. नंतर पॅच येऊन बराच सुधारला तो गेम. आता परत लावून बघ, टेक्श्चर एक पायरी खाली, डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी सोय) क्वालिटीवर, आणि शेडर शंभर टक्के होईपर्यंत प्ले दाबू नकोस.

आणि मित्राला पण विचार की तो कुठल्या मोडवर खेळतो. परफॉर्मन्स मोडमध्ये साठ फ्रेम मिळवायला बहुतेक गेम कमी रेझोल्यूशनवर चित्र काढून ते ताणून फोरके टीव्हीवर दाखवतात. सोफ्यावरून कळत नाही ते खरं, पण पीसीवाला मॉनिटरला नाक लावून बसतो आणि अल्ट्रा सेटिंग लावून तुलना करतो. आधी हाय वर आणून मग बोलूया.

प्रश्न: लाइट बिल किती वाढेल? (एक गृहिणी, अकोला)

उत्तर: ताई, खेळताना पीएसफाइव्ह साधारण २०० वॅट घेतो, मधल्या किंमतीचा गेमिंग पीसी मॉनिटर धरून ३५० च्या आसपास. रोज तीन तास म्हटलं तर महिन्याला १८ युनिट आणि साडेएकतीस युनिट. युनिट दहा रुपये धरा, १८० आणि ३१५ रुपये. तुमचं मीटर वरच्या स्लॅबमध्ये जात असेल तर थोडं जास्त. उन्हाळ्यात त्या खोलीत पोरगं एसी लावून खेळलं तर मात्र बिलाचं गेमशी काही घेणंदेणं राहत नाही. आणि लाइट जात-येत असेल तर पीसीला यूपीएस लागेलच, तो खर्च वेगळा.

प्रश्न: जीटीए सिक्स साठी पीसी आत्ताच अपग्रेड करून ठेवू का? (बरेच वाचक)

उत्तर: आत्ता एक रुपया पण घालू नका. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली ती पीएसफाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, पीसीचं नाव त्यात नव्हतं. जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला, पीसीवर एप्रिल २०१५ ला. त्यांचाच रेड डेड टू कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ आणि पीसीवर नोव्हेंबर २०१९. म्हणजे पहिल्या दिवशी खेळायचाच असेल तर कन्सोल, नाहीतर वर्षभर तरी यूट्यूब बंद ठेवायची तयारी करा, आणि कार्ड गेम येईल तेव्हा घ्या.