रोशा गवतापासून सुरुवात करा, भट्टीचा विचार शेवटी

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीतल्या तुमच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला आहे, बायकांचा बचत गट तयार आहे, एक संस्था तेल काढायच्या यंत्राला पैसे द्यायला तयार आहे. डोंगरातल्या अकरा वनस्पतींची यादी तुम्ही दिली आहे: मोहा, चारोळी, बिब्बा, सफेद मुसळी, वेखंड, वाळा, नागरमोथा, निरगुडी, रानतुळस, सालई आणि रोशा गवत. यातून कोणती तेलं काढावीत, यंत्र केवढं घ्यावं आणि माल कुठे विकावा, हे तुम्ही विचारलं आहे.

यंत्राचं नंतर बोलू. आधी यादी चाळून घेऊ, कारण त्यातली चार नावं या कामाचीच नाहीत. मोहाच्या आणि चारोळीच्या बियांचं तेल घाण्यावर निघतं. ते खाद्यतेलासारखं जड तेल असतं, वाफेबरोबर वर येत नाही. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो, त्याचा इथे काही संबंध नाही. मुसळीत सुगंधी तेल नाही. सुगंधी तेल म्हणजे पानं, फुलं, मुळं किंवा डिंक यातून वाफ नेली की तिच्यासोबत उडून येणारं आणि वाफ थंड झाल्यावर पाण्यापासून वेगळं होणारं तेल. एवढी चाळणी लावली की तुमच्याकडे सात नावं उरतात.

त्यातली मुळांची तीन, म्हणजे वाळा, नागरमोथा आणि वेखंड, मी डोंगरातून काढू देणार नाही. वाळ्याचं तेल महाग असतं हे खरं, पण त्यासाठी अख्खं ठोंब उपटावं लागतं आणि तो उगवतो नाल्याच्या काठावर. दोन वर्षं बाजारभाव चढा राहिला तर काठ मोकळा होईल आणि पुढच्या पावसात माती नाल्यातून थेट नर्मदेत जाईल. वाळा हवाच असेल तर शेतात लावा. दीड वर्षात मुळं तयार होतात, पण ती गाळायला एक दिवस-एक रात्र वाफ द्यावी लागते, तेवढ्या सरपणाचा हिशोब आधी करा. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. ते घातक ठरल्यामुळे अमेरिकेने 1968 सालीच वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली, त्यामुळे गिऱ्हाईक मोजकं. नागरमोथ्याला मागणी आहे, पण शेतातलं तण म्हणून निघेल तेवढंच घ्या.

मुळांच्या बाबतीत नेपाळकडे बघा. तिथे 1993 च्या वन कायद्याने सामुदायिक वन समूहांना जंगल सांभाळायचे आणि त्यातून कमवायचे हक्क दिले. कर्णालीच्या डोंगरात जटामांसीचं तेल काढायचे उद्योग उभे राहिले. कच्ची जटामांसी देशाबाहेर न्यायला बंदी आहे, तेल काढूनच न्यावी लागते. म्हणजे किंमत गावाजवळ वाढावी हा विचार अगदी बरोबर होता. पण जटामांसी ही मुळाची वनस्पती, थंड डोंगरात फार सावकाश वाढणारी. 1997 मध्ये ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवायच्या साइट्स (CITES) कराराच्या यादीत गेली. हक्क गावाचा असला, कारखाना गावाचा असला, तरी मूळ काढल्यावर ते परत भरून यायला लागणारा वेळ कोणालाच कमी करता येत नाही. आपण पानावर आणि फुलोऱ्यावर राहू.

निरगुडी आणि रानतुळस यांचं तेल फार थोडं निघतं आणि घेणारेही मोजके. सालईच्या डिंकाचं तेल चांगलं, पण डिंक काढायला झाडावर जखम करावी लागते. ती किती खोल करायची, एका झाडाला किती वर्षं विश्रांती द्यायची, हे शिकलेली माणसं गावात तयार झाल्याशिवाय सालईला हात लावू नका. अतिखाचण्याने उभी झाडं वाळतात.

राहिलं रोशा गवत, आणि हे तर आपल्या खानदेशाचंच. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये रोशा तेलाचा उल्लेख आहे. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा, अक्राणी या पट्ट्यात ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या: कढईवर झाकण, झाकणातून बांबूची नळी आणि वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेलं भांडं. तेल मुंबईला जायचं आणि तिथून जहाजाने तुर्कस्तानाकडे. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं, कारण दोन्हींत जिरॅनिऑल हे वासाचं द्रव्य असतं. पुढे रोशा तेलातच घासलेट आणि खोबरेल मिसळायचे प्रकार झाले. ही भेसळ गवत कापणाऱ्या भिल्ल-पावरा माणसांनी केलेली नव्हती, ती वाटेत व्हायची. म्हणून तेल कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातं, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता गवत ओळखायचं. रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. पैसा मोतियाला आहे. मोतिया उघड्या, पाणी न साचणाऱ्या उतारावर वेगवेगळ्या ठोंबांनी विखुरलेला असतो. सोफिया खालच्या ओलसर जागी दाट माजतो. मोतियाचं पान काडीपासून जवळजवळ काटकोनात बाहेर येतं, सोफियाचं काडीला चिकटून वर चढतं. फुलोरा तळहातावर चोळून बघा: मोतियाला गुलाबाकडे झुकणारा गोड वास, सोफियाला आल्यासारखा झणझणीत. बायका गवत कापताना हा फरक पटकन शिकतात, पुस्तकी माणसापेक्षा लवकर. पण दोन्ही एकाच भाऱ्यात आले की सगळ्या तेलाचा भाव खाली येतो, म्हणून भारे भट्टीवर उतरवतानाच निवडायला एक जाणती बाई बसवा आणि तिला त्याची वेगळी मजुरी द्या.

कापणी फुलोरा पूर्ण आल्यापासून बी धरेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेल त्याच वेळी सगळ्यात जास्त असतं. अडचण अशी की बी पण त्याच वेळी धरतं. सगळं कापलं तर पुढची पिढी गेली. म्हणून ठोंब जमिनीपासून वीतभर वर कापायचं, उपटायचं नाही, आणि प्रत्येक उताराचा निदान तिसरा भाग बी पडायला सोडायचा. तो भाग दरवर्षी बदलायचा. कोणता उतार यंदा बंद, हे ग्रामसभेत ठरवून सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. तुमच्याकडे डोंगराला नावं आहेत, नाल्यांना नावं आहेत, नकाशापेक्षा ती नावं वापरा. रोशा जून झाला की गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईशी भांडण होत नाही. वणवा मात्र सांभाळा. वाळलेला रोशा फार तापून जळतो, आणि कापणीनंतर उतारावर राहिलेल्या पट्ट्यांना उन्हाळ्यात कोणी काडी लावली तर राखून ठेवलेलं बीही जातं.

आता हिशोब. ताज्या रोशातून साधारण 0.3 ते 0.5 टक्के तेल मिळतं, म्हणजे एका टनाला 3 ते 5 किलो. रानातल्या गवताला खालचाच आकडा धरा. 100 किलो तेल हवं असेल तर सुमारे 33 टन गवत लागेल. 500 किलोच्या टाकीत ते 66 घाण (टाकी एकदा भरून गाळली की एक घाण), दिवसाला 3 घाण काढले तर 22 दिवस. डोक्यावरचा भारा 25 ते 30 किलोचा धरला तर एका घाणाला 17 ते 20 भारे, उतारावरून. हे आकडे पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवा आणि विचारा, तुमच्या हद्दीत, तिसरा भाग सोडून, एवढं गवत आहे का? नुसतं विचारून थांबू नका. ऑक्टोबरात वेगवेगळ्या उतारांवर दोरीने 10 मीटर बाय 10 मीटरचे चौकोन आखा, त्यातलं गवत कापा, तराजूवर वजन करा, आकडे वहीत लिहा. शाळेतली मुलं हे काम आनंदाने करतात. याच मोजणीवर केवढं यंत्र लागतं ते ठरेल. उलटं केलं, म्हणजे आधी यंत्र आणलं, तर त्याचं पोट भरायला डोंगर ओरबाडावा लागतो. अनुदानाच्या कामांत नेमकं हेच होतं, कारण संस्थेला मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. संस्थेला स्पष्ट सांगा की यंदा मोजणी आणि नमुना, यंत्र पुढच्या वर्षी.

नमुना काढणं सोपं आहे. शहादा-शिरपूरकडच्या फार्मसी कॉलेजांत क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण असतं. त्यात थोड्या गवताचा नमुना उकळून तेलाचं प्रमाण कळतं. निघालेलं थेंबभर तेल गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे तेलात कोणतं द्रव्य किती आहे ते सांगणाऱ्या चाचणीला, पाठवा. लखनौची सीमॅप आणि कन्नौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र या दोन्ही सरकारी संस्था याच क्षेत्रात काम करतात. अहवालात जिरॅनिऑल किती आणि जिरॅनिल अॅसिटेट किती, ते बघायचं. चांगल्या मोतियात जिरॅनिऑल 75 टक्क्यांच्या पुढे असतं. तो कागद हातात असला की व्यापाऱ्याशी बोलणं सोपं होतं, नसला की तो वास घेऊन नाक मुरडतो आणि भाव पाडतो.

यंत्राबद्दल. थेट चुलीवर चालणारं, खाली पाणी, वर जाळी आणि जाळीवर गवत, अशा रचनेचं स्टेनलेस स्टीलचं युनिट तुमच्यासाठी बरं. वेगळा बॉयलर घेतला की त्याची नोंदणी, तपासणी, शिकलेला चालक, सगळं आलं. गवत सावलीत एक दिवस पसरून सुकवा, ढीग घालू नका, ढिगात ते तापतं आणि कुजतं. टाकीत पायाने दाबून भरा, विशेषतः कडेला, नाहीतर वाफ पोकळीतून निघून जाते आणि निम्मं तेल गवतातच राहतं. मंद आणि एकसारखा जाळ. आधी नळीतून दुधाळ पाणी येतं, मग विलगकाच्या, म्हणजे तेल-पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या, गळ्यात वर पिवळसर थर जमू लागतो, कारण रोशाचं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. थंडावणाऱ्या नळीतून येणारं पाणी हाताला गरम लागलं तर तेल वाफ होऊन उडतंय असं समजा. तीनेक तासांनी थर वाढायचा थांबला की घाण उतरवा. उरलेला चोथा वाळवून पुढच्या घाणाला जाळा. यावर मी हट्टी आहे: सरपणासाठी झाडं तुटणार असतील तर या उद्योगाला वनोपजावर आधारित म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. पाण्याचंही तसंच. नाला कार्तिकापर्यंत वाहत नसेल तर टाकी बांधून तेच पाणी फिरवावं लागेल.

तेलातलं पाणी पूर्ण काढा आणि ते अॅल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून ठेवा. प्लास्टिकचे कॅन नकोत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं तेल बिघडतं. मातीच्या जाड भिंतीचं, उत्तरेकडे तोंड असलेलं घर गावात असतंच, तिथे ठेवा.

कायद्याची बाजू तुमच्या भक्कम आहे, फक्त कागद नीट वाचा. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातल्या झाडा-वेलींपासून मिळणारा माल) गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आहे, त्यात औषधी वनस्पती स्पष्ट लिहिल्या आहेत. नियमांप्रमाणे विल्हेवाटीत गावपातळीवरची प्रक्रिया आणि मूल्यवर्धन येतं. 2012 च्या सुधारणेनंतर वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा आहे. नाक्यावर अडवलं तर हेच दाखवायचं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीतही रोशाची, त्याच्या जागांची आणि तेल काढायच्या माहितीची नोंद करून घ्या.

आता सगळ्यात नाजूक भाग, पैसे. गवत ग्रामसभेचं, भट्टी गटाची, हे दोन वेगळे ठेवा. गटाने ग्रामसभेला दर टनामागे ठरलेली रक्कम द्यावी, ती वणवा-राखणीसाठी आणि बी पेरण्यासाठी वापरावी. कापणाऱ्याला मजुरी वजनावर, त्याच दिवशी, रोख. तेल विकून पैसे यायला महिने लागतात, तोपर्यंत 33 टनांची मजुरी कुठून द्यायची? यंत्रापेक्षा या खेळत्या भांडवलाची मागणी संस्थेकडे आधी करा. कारण तुम्हाला माहीत आहे, दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. मुकादम उचल हातावर ठेवतो. तुम्ही "तेल विकलं की देऊ" म्हणालात तर कोणी थांबणार नाही, आणि थांबावं अशी अपेक्षाही करू नका. रोज संध्याकाळी पैसे मिळाले तर निदान काही घरं महिनाभर उशिरा जातील आणि पोरांची शाळा तेवढी सुटणार नाही.

विक्रीत छोट्या बाटल्यांचा मोह आवरा. प्रसाधन म्हणून बाटली विकायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, सांधेदुखीवर गुणकारी असं छापलं तर आणखी वेगळा. पहिली दोन-तीन वर्षं पूर्ण हंगामाचं तेल एकत्र करून, चाचणी करून, अत्तर आणि साबणाचा कच्चा माल घेणाऱ्यांना विका, आणि निदान तिघांकडून भाव मागवा. पुढे ज्यांचे वैयक्तिक वनपट्टे उताराचे आहेत त्यांनी सीमॅपच्या पीआरसी-1 किंवा तृष्णा या जाती लावाव्यात, म्हणजे डोंगरावरचा भार हलका होईल. शेतातलं आणि रानातलं तेल मात्र वेगळ्या डब्यात भरा.

पुढचं नेमकं सांगायला मला काही गोष्टी कळवा: दाव्याच्या प्रमाणपत्रावर किती हेक्टर आणि कोणते कंपार्टमेंट (वनखंड) लिहिले आहेत, तुमचा नाला कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, आणि फुलोऱ्यातल्या गवताचा असा फोटो ज्यात पान काडीला कुठे जोडलं आहे ते स्पष्ट दिसेल. मोतिया निघाला तर वजनाच्या वहीचा नमुना मी इथेच टाकतो.