साहेबांच्या टेबलावर थांबलेले कागद

प्रश्न: मॅडम, टेबलावर कागदांचा नुसता डोंगर झालाय. महिन्यातून एक सुट्टी घालवून सगळं आवरतो आणि आठ दिवसांत परत जैसे थे. माझंच काही चुकतंय का?

आवरण्यात काही चुकत नाहीये, कागद तिथे येऊन थांबतात का ते बघा. ढिगातले वरचे वीस कागद घ्या आणि एकेकाला विचारा, बाबा तू इथे कशाला बसलायस? मी माझ्या टेबलावर हे केलं तेव्हा खालून एक रजेचा अर्ज निघाला, मागितलेल्या तारखा कधीच उलटून गेलेल्या आणि तो मुलगा बिचारा उत्तराची वाट बघत रोज कामावर येत होता, मला काही बोललाही नाही. अक्षरशः लाज वाटली. आपल्याला वाटतं पसारा आपला आहे, पण बॉसच्या टेबलावरच्या जवळपास प्रत्येक कागदामागे कोणीतरी खोळंबलेलं असतं.

म्हणून निर्णयासाठी आलेले कागद एकाच ट्रेमध्ये येऊ द्या, दुसरीकडे कुठेही नाही, आणि रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास त्यालाच. कागद हातात घेतला की सही करून परत, नाहीतर कोणाचं तरी नाव घालून त्याच्याकडे, नाहीतर कॅलेंडरमध्ये तारीख टाकून फाईलला. 'बघू नंतर' म्हणून परत त्याच ट्रेमध्ये ठेवायचा नाही, तिथेच सगळं बिघडतं.

राहिलेल्या फायलींसाठी जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांची पद्धत मला फार आवडते. एका विषयाचे कागद एका मोठ्या पाकिटात घालायचे, कडेला विषय आणि तारीख लिहायची, पाकिटं कपाटात उभी लावायची. नवीन पाकीट डाव्या टोकाला, आणि मधलं कुठलंही काढलं तरी परत ठेवताना डावीकडेच. झालं. जे लागतं ते आपोआप डावीकडे राहतं, जे लागत नाही ते उजवीकडे सरकत जातं आणि साफसफाई उजवीकडून करायची. आद्याक्षरं नाहीत, रंगीत स्टिकर नाहीत. फक्त कायद्याने ठराविक वर्षं जपायचे कागद यात घालू नका, ते वेगळे.

प्रश्न: टेबल चकाचक आहे पण कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नक्की' असल्या फायली आहेत. परवा क्लायंटला जुनं कोटेशन गेलं.

हे घरोघरी आहे हो! नावाच्या सुरुवातीला तारीख टाका, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे २०२५-०३-१४ अशी. ही आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातली पद्धत आहे आणि फायदा असा की नावाने सॉर्ट केलं की फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दुसरं म्हणजे ईमेलला फाईल जोडून पाठवणं बंद करा, शेअर्ड फोल्डरची लिंक पाठवा, नाहीतर पाच जणांकडे पाच कॉप्या होतात आणि मग कुठली खरी यावर मीटिंग.

प्रश्न: केबिनचं दार उघडं ठेवलं की दिवसभर रांग, बंद केलं तर टीम म्हणते मॅडम भेटतच नाहीत.

आठवडाभर एका वहीत फक्त एवढंच लिहा, कोण आलं आणि काय विचारलं. त्यात तेच तेच दिसेल, एवढा खर्च करू का, एवढी सूट देऊ का. म्हणजे अडचण दाराची नाहीचे, लोकांना त्यांचे अधिकार माहीत नाहीत. अमुक रकमेपर्यंत मला विचारू नका असं लेखी द्या, आणि दिल्यावर त्यांनी घेतलेला निर्णय उलटा फिरवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी रांग परत हजर. उरलेल्यांसाठी सकाळी एक तास आणि दुपारी एक तास दार सताड उघडं, तेव्हा मात्र लॅपटॉप मिटलेला पाहिजे.

प्रश्न: पसाऱ्यात डोकं जास्त चालतं म्हणतात, खरं का?

थोडंफार. अमेरिकेत कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रयोग छापला, त्यात पसारा असलेल्या खोलीत बसलेल्यांना पिंगपाँगच्या चेंडूचे जास्त कल्पक उपयोग सुचले, आणि नीटनेटक्या खोलीतल्यांनी देणगी जास्त दिली, चॉकलेटऐवजी सफरचंद जास्त उचललं. एका प्रयोगावर फार उड्या मारू नका, पण नवीन काही सुचवायचं असेल तर खुशाल मांडा पसारा. फक्त तो तुमचा स्वतःचा असू दे, त्यात दुसऱ्याचे सहीचे कागद नकोत.

प्रश्न: लॅपटॉपवर बसून मान धरते.

लॅपटॉप उंच करा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर साधारण हातभर, कीबोर्ड आणि माऊस वेगळे घ्या. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरचं काहीतरी बघा, डोळ्यांना बरं. मान दुखायची थांबली नाही किंवा हाताला मुंग्या आल्या तर सरळ डॉक्टरांकडे जा, ते माझं काम नाही.