वाचकांचे प्रश्न : अण्णाभाऊ आधी शाहीर की आधी लेखक?

प्रश्न : आम्हाला कॉलेजात ‘फकिरा’ होती, त्यामुळे अण्णाभाऊ साठे म्हणजे कादंबरीकार एवढंच डोक्यात बसलेलं. परवा एका कार्यक्रमात ‘माझी मैना’ ऐकलं आणि शेजारी बसलेल्या काकांनी सांगितलं की हे पण त्यांचंच. मग गाण्यातलं त्यांचं करिअर नक्की कसं झालं, हे कुठेच नीट सांगत नाहीत, तुम्ही सांगाल का?

उत्तर : सांगतो ना, आणि तुम्ही विचारलंत याचा खरंच आनंद झाला, कारण बहुतेक लोक कादंबऱ्यांपाशीच थांबतात. आधी शाहीर, मग लेखक. ‘फकिरा’ आली १९५९ला, आणि तोपर्यंत हा माणूस पंधरा एक वर्षं डफाच्या साथीने मैदानं गाजवत होता.

जन्म १ ऑगस्ट १९२०, सांगली जिल्ह्यातलं वाटेगाव. शाळा दीड दिवसाची, हे तर सगळ्यांना पाठ आहे. पोटासाठी घरचे सगळे चालत मुंबईला आले, मग मिळेल ते काम, गिरणीतलं काम, आणि तिथेच लाल बावट्याशी, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाशी, गाठ पडली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहणारा हा पोरगा पार्टीचं काम करता करता गाणी जुळवायला लागला. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडची लढाई झाली तर त्यावर यांनी पोवाडा रचला. म्हणजे बघा, जे शहर कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, तिथल्या कामगाराचं लढणं परळच्या कामगाराला आपलं वाटावं असं सांगायचं, आणि तेही ज्या चालीवर आपण शिवाजी महाराजांचा पराक्रम ऐकत आलो त्या पोवाड्यात. १९४४ला अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णाभाऊ या तिघा शाहिरांनी लाल बावटा कलापथक काढलं, आणि मग चाळी, गिरण्यांचे दरवाजे, गावोगावच्या सभा, काही सोडलं नाही.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते सांगतो. तमाशाचा क्रम ठरलेला असतो, आधी गण, मग कृष्ण-गवळणींच्या थट्टेची गवळण, विनोदी संवादांची बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य नाट्य. गणात गणपतीला वंदन करायचं. अण्णाभाऊंनी गण ठेवला पण त्यात वंदन केलं मायभूमीला आणि छत्रपती शिवरायांना, गवळण काढूनच टाकली, आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार, शेठजी, पुढारी, कामगार उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावं वाचली तरी कळतं कुणाला धरलंय ते. लोकांना सगळं ओळखीचं वाटायचं, ढोलकी तीच, तुणतुणं तेच, हजरजबाबी सोंगाड्या तोच, आणि हसता हसता लक्षात यायचं की अरे हे तर आपल्याच मालकाबद्दल चाललंय! नवीन काहीतरी आणून लोकांच्या गळी उतरवायच्या भानगडीत ते पडले नाहीत, लोकांच्या अंगात जे आधीच भिनलेलं होतं त्याच्या आतली माणसं बदलली. माझ्या मते त्यांची शाहिरी इतकी टिकली ती यामुळे, नुसता विचार बरोबर होता म्हणून नाही. बरोबर विचारांची गाणी त्या काळात ढिगाने लिहिली गेली असतील, आज कोण गातंय ती?

मुंबईच्या लावणीचं पण तेच. तमाशातले गाजलेले शाहीर पठ्ठे बापूराव यांनी मुंबईच्या थाटामाटाची लावणी रचली होती, अण्णाभाऊंनी तोच प्रकार उचलला आणि एकीकडे मलबार हिल, दुसरीकडे रात्रंदिवस राबणारं परळ अशी मुंबई उभी केली. शहर तेच, बघणारा वेगळा.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली, पण तोच बाज लोकनाट्य या नावाने पुढे चालत राहिला. तमाशाला लोकनाट्य म्हणायची जी सवय आपल्याला लागली त्यात अण्णाभाऊंचा वाटा फार मोठा आहे. १९६१ला रशियाला जाऊन आले, त्याचं प्रवासवर्णनही लिहिलं. आणि एवढं सगळं होऊन राहायला काय, तर घाटकोपरच्या चिरागनगरमधलं झोपडं. १८ जुलै १९६९ला गेले, वय पन्नासही नाही. अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला गेले. दीड महिन्याच्या आत दोघं! हे लिहिताना आजही गलबलून येतं. पुढे २००२ला पोस्टाने अण्णाभाऊंचं तिकीट काढलं, २०२२ला मॉस्कोत पुतळाही उभा राहिला.

प्रश्न : ‘माझी मैना’ हे मुळात प्रेमाचं गाणं आहे की संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचं? आमच्या घरी यावरून वाद झालाय.

उत्तर : दोघंही बरोबर, वाद मिटवून टाका. ही छक्कड आहे, म्हणजे लावणीचाच एक प्रकार. सुरुवातीला मुंबईला पोट भरायला आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने कासावीस झालाय, तिचं रूप, तिचा साज, निघतानाची तिची समजूत घालणं, सगळं इतकं सविस्तर येतं की ऐकणारा पूर्ण त्या विरहात जातो. आणि मग एका वळणावर तो म्हणतो की माझ्या मैनेची आणि माझी जशी ताटातूट झाली तशीच गत या खंडित महाराष्ट्राची झालीये, आणि मग बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव येतात, मुंबईवर कुणाची मालकी हा सवाल येतो. समोर बसलेल्या गिरणी कामगारांपैकी कितीतरी जणांची बायको खरोखरच गावाकडे असायची, म्हणजे राज्याच्या सीमेचा प्रश्न त्याला नकाशावर दाखवावा लागला नाही, तो त्याच्या छातीतच होता. शब्द अण्णाभाऊंचे, पण लाखोंच्या सभांपर्यंत ते नेले अमर शेखांच्या पहाडी आवाजाने, आणि नंतरच्या पिढीपर्यंत विठ्ठल उमपांनी. १ मे १९६०ला राज्य झालं, मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार-निपाणी राहिलं ते राहिलंच, त्यामुळे सीमाभागात हे गाणं लागलं की लोक अजून वेगळ्याच शांततेत ऐकतात.

प्रश्न : मी चळवळीची गाणी लिहितो पण माझं शिक्षण बारावीपर्यंतच झालंय, शब्द साधे येतात. मित्र म्हणतात अजून वाचन वाढव मग लिही.

उत्तर : वाचन वाढवाच, पण लिहायचं थांबवू नका. आंबेडकरी चळवळीतले शाहीर वामनदादा कर्डक ऐका. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२चा जन्म, लिहायला वाचायला शिकले ते मोठेपणी मुंबईत, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. १९४३पासून गाणी लिहायला लागले आणि २००४ला जाईपर्यंत हजारो गाणी देऊन गेले, वस्तीवस्तीत आजही १४ एप्रिलला ती वाजतात. साध्या शब्दांची लाज वाटून घेऊ नका. फक्त एक करा, गाणं कागदावर पक्कं करायच्या आधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासमोर एकदा म्हणून बघा, आणि दुसऱ्या कडव्यापासून ते तुमच्याबरोबर म्हणायला लागले नाहीत तर चाल बदला. पुढचं गाणं झालं की आम्हाला पण पाठवा.