रंकाळ्यातल्या बोटीवर कारचे जुने स्पीकर चालतील का?

चालतील, पण फार दिवस नाही. बोटीला मरीन, म्हणजे पाण्यावर वापरायला बनवलेले स्पीकरच घ्या. मी कोल्हापुरात गाड्यांचं ऑडिओ फिटिंग करतो. कारच्या बऱ्याच स्पीकरना कागदी कोन, म्हणजे आवाज काढणारा शंकूसारखा पडदा असतो. सततच्या ओलाव्यानं तो मऊ पडतो, कडेचा फोम सुटतो आणि आवाज फाटायला लागतो. मरीनमध्ये कोन सहसा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा असतो, आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) तरी बघून घ्या. त्याहून महत्त्वाची वायर: कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याचीच हवी, साधी टोकाला हिरवी पडते. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच लावा, अ‍ॅम्प्लिफायरजवळ नको. मधे कुठं वायर घासून शॉर्ट झाली तर तोच वाचवतो. रंकाळ्याचं पाणी गोडं, म्हणून गंज हळू चढतो. बोट मालवणला नेणार असाल तर मात्र स्क्रूसुद्धा खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ स्टेनलेसचे लागतील.